अरुंद रस्ता, अवजड गाडी : आमच्या वळणावर पुन्हा कंटेनर अडकला

गडग्यापलीकडे

नमस्कार मंडळी,

आमचं गाव राजापूर तालुक्यात, ओणी-पाचल रस्त्यापासून थोडं आत. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अर्धं गाव हा धागा वाचेल आणि उरलेलं अर्धं त्यांच्याकडून ऐकेल. मुख्य रस्त्यावरून एक डांबरी फाटा वाडीत उतरतो आणि पलीकडून पुन्हा मोठ्या रस्त्याला लागतो. मॅपवर बघाल तर फर्स्टक्लास शॉर्टकट. प्रत्यक्षात मध्ये एक मोरी आहे, मोरी संपता संपता काटकोनातलं वळण, आतल्या अंगाला जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) आणि बाहेरच्या अंगाला पऱ्या (ओहोळ).

परवा रात्री एक लांबडा कंटेनर आला. केबिन वळली, मागचं धूड काही वळेना. ड्रायव्हरने मागे घ्यायचा प्रयत्न केला तर मागचं डावं चाक मोरीच्या कठड्यावरून खाली. सकाळची एसटी फाट्यावरूनच परत गेली. पोरं चालत शाळेत गेली, म्हणजे काही गेली आणि बाकीची कंटेनर बघत बसली. दुपारी क्रेन आली तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला. गडग्याचं खिंडार अजून तसंच आहे.

हे पहिल्यांदा नाही. म्हणून ग्रामसभेत विषय घेतलाय आणि दोन तट पडलेत. एक तट म्हणतो फाट्यावर लोखंडी कमान उभारा, उंच गाडी आत शिरताच कामा नये. दुसरा म्हणतो नुसता फलक लावा. तुमच्याकडे असं काही केलंय का? उपयोग झाला का? अनुभव लिहा.

सुरंगी

कमान नको. आमच्याकडे शेजारच्या गावात आहे. पहिल्याच पावसात तिच्यावर झाड पडलं आणि कमानच रस्त्यात आडवी झाली. कंटेनर निदान मागे-पुढे तरी होतो.

खवट

मला वाटतं कंटेनर तिथेच ठेवून घ्यायचा. ग्रामपंचायतीला ऑफिस नाही म्हणून ओरड असते ना? आयतं मिळालं. (हलके घ्या.)

निवृत्त_अभियंता

बांधकाम खात्यात उभी हयात रस्त्यांवर गेली, तेव्हा थोडं आकड्यात बोलतो.

मोटार वाहन नियमांप्रमाणे ट्रकची रुंदी जास्तीत जास्त 2.6 मीटर. आरसे त्यात धरत नाहीत. एकपदरी रस्त्याच्या डांबराची प्रमाण रुंदी 3.75 मीटर, आणि वर्दळ कमी असेल तिथे ग्रामीण रस्ता 3 मीटरचाही करतात. तुमच्या वर्णनावरून तुमचा 3 चा दिसतो. 3 मधून 2.6 गेले की उरले 40 सेंटीमीटर, म्हणजे एकेका बाजूला वीतभर. हे सरळ रस्त्याचं झालं.

वळणावर गणित आणखी बिघडतं. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती वळण आतून कापतात. गाडी जितकी लांब आणि वळण जितकं आखूड, तितकी ती जास्त आत येतात. म्हणून वळणावर रस्ता जास्त रुंद ठेवायचा असतो. घाटातल्या हेअरपिन वळणाला आतल्या कडेची त्रिज्या किमान 14 मीटर हवी असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे. वाडीतला रस्ता कुणी त्या हिशेबाने आखलेला नसतो. तो मूळचा बैलगाडीचा रस्ता. त्याच्यावर आधी खडी आली, मग डांबर आलं, वळण मात्र बैलगाडीचंच राहिलं.

तिसरी गोष्ट साइडपट्टी. डांबराच्या कडेची माती वरून घट्ट दिसते. त्यात नळपाणी योजनेचा चर खणून वरवर बुजवलेला असेल तर खाली सगळं पोकळ. रिकामा टेम्पो त्यावरून निघून जातो. भरलेल्या गाडीचं चाक तिथे गेलं की अॅक्सलपर्यंत खाली. 2018 मध्ये केंद्राने वजनाची मर्यादाही वाढवली. दहा चाकी गाडीला पूर्वी मालासकट 25 टन होते, आता 28.5 टन आहेत. मोऱ्या त्याच आहेत.

अनुस्वार

काका, बैलगाडीचा मुद्दा पटला. बाकी सगळा दोष त्या मॅपवाल्या बाईचा. 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' हे ती ज्या आत्मविश्वासाने सांगते, तो आत्मविश्वास माझ्यात असता तर आज मी आमदार असतो.

दहाचाकी

मी कराडचा. घरच्या दोन गाड्या आहेत आणि वेळ पडली तर स्वतः स्टिअरिंगवर बसतो. आता आमची बाजू ऐका.

ड्रायव्हर हौसेने कुणाच्या वाडीत शिरत नाही. पार्टी पूर्वी पत्ता द्यायची, कुणाचं दुकान, कुठला स्टॉप. ड्रायव्हर फाट्यावर चहा प्यायचा आणि टपरीवाल्याला विचारायचा, 'मामा, मोठी गाडी जाईल का आत?' आता व्हॉट्सअॅपवर पिन येते. माल कधी पोचणार म्हणून मालकाचे फोन चालू, जीपीएसवर गाडी थांबलेली दिसली की पुन्हा फोन. रात्री अकराला टपरी बंद. विचारणार कुणाला?

दुसरं म्हणजे क्लिनर. आता निम्म्या गाड्यांवर क्लिनर नाही, भाड्यात परवडत नाही. पूर्वी गाडी मागे घेताना पोरगा मागे उभा राहून हौद्यावर थाप मारायचा, 'आन दे, आन दे, बस्स!' अंधारात डावा मागचा कोपरा आरशात दिसतच नाही. तुमच्या मोरीवर चाक गेलं ते तिथेच गेलं असणार.

आणि एकदा आत शिरल्यावर लांब गाडी अरुंद रस्त्यावर किलोमीटरभर रिव्हर्स घेणं म्हणजे काय, ते एकदा करून बघा. कंटेनरचा ट्रेलर स्टिअरिंगच्या उलट वळतो. त्यामुळे ड्रायव्हर म्हणतो, पुढे कुठेतरी वळवायला जागा मिळेल. ती मिळत नाही आणि मग तुमचं वळण येतं.

सुरंगी

हे माहीत नव्हतं. बिचारा रात्रभर एकटाच बसला असेल तिथे.

गडग्यापलीकडे

@सुरंगीताई, एकटा कसला. आमच्या काकूंनी पेज आणि सुकं खारं नेऊन दिलं त्याला. केरळचा होता. बोलणं सगळं हातवाऱ्यांनी, पण माशावर दोघांचं एकमत झालं.

लालमाती

धागाकर्त्याला आणि समस्त कोकणवासीयांना एक कडू प्रश्न. कंटेनर महिन्या-दोन महिन्यांनी एकदा चुकून येतो. तुमच्याच भागातल्या चिरेखाणीतून चिऱ्यांनी शिगोशीग भरलेले ट्रक रोज याच रस्त्यांवरून जातात, त्याचं काय? साइडपट्ट्या त्यांनी बसवल्या, मोऱ्यांना तडे त्यांनी पाडले. पण खाणीत आपलाच भाऊबंद, ट्रक आपल्याच मेव्हण्याचा, म्हणून कुणी बोलत नाही. केरळचा ड्रायव्हर दिसला की ग्रामसभा.

आणि घर बांधताना वाळू, सळी, टाइल्स काय पाखाडीने डोक्यावरून आणता? तेव्हा मोठी गाडी दारात हवी. आंब्याच्या हंगामात पेट्या न्यायला आयशर थेट कलमांपर्यंत हवा. गाडी आपल्या कामाची असेल तर रस्ता रुंद, परक्याची असेल तर अरुंद!

खवट

आला, आला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

गडग्यापलीकडे

@लालमाती, चिऱ्याच्या ट्रकांचं खरं आहे, नाकारत नाही. पण तो ड्रायव्हर गावचा. मोरीवर चाक कुठून न्यायचं हे त्याला झोपेतही ठाऊक असतं. तो अडकत नाही आणि रस्ता अडवत नाही. माझा प्रश्न रस्ता अडण्याचा आहे.

लालमाती

अडकत नाही, फक्त मोडतो. चालू द्या.

तिरफळ

गजाली नंतर करा. रस्त्यार आडव्या इलेल्या आंब्याच्या फांद्यो कोण तोडतलो ता आधी सांगा. आमच्या थंय कंटेनर वळणाक नाय, फांदयेक अडाकलो. टपाचो पत्रो फाटलो नि वरसून कैऱ्यो पडल्यो. ड्रायव्हर घाबारलो, पोरांची मजा.

नाणेघाटी

मला एक विचारायचंय. मूळ धाग्यात 'आतल्या अंगाला गडगा' असं आहे. तो गडगा मुळात आहे कुठे, हद्दीवर की रस्त्यात? आमच्याकडे जुन्नरला बांध दरवर्षी बोटभर सरकतो. कोकणात गडगे चालत नाहीत असं कुणी सांगितलं तर मी मानणार नाही.

निवृत्त_अभियंता

बरोबर बोट ठेवलंत. बहुतेक ठिकाणी कागदावर रस्ता रुंद असतो आणि जागेवर अरुंद. गाव नकाशा काढून भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. रस्त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या 23 नंबरला (रस्त्यांच्या नोंदवहीत) आहे की जिल्हा परिषदेकडे, तेही बघा. माझ्या नोकरीत मोजणीचं नाव काढल्यावर निम्मे तंटे आपोआप थंड व्हायचे, कारण प्रत्येकाला आपला गडगा कुठे आहे ते माहीत असतं.

आजऱ्याची_मिरची

आमच्याकडची गंमत वेगळी. करूळ घाट काँक्रीटसाठी जानेवारी 2024 पासून वर्षाच्या वर बंद होता. कोल्हापूरहून तळकोकणात उतरणारी वाहतूक फोंडा आणि भुईबावड्याकडे वळली. भुईबावडा ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. एक मोठी गाडी वळणावर फसली की खाली वैभववाडीकडे आणि वर गगनबावड्याकडे रांग.

पण घाटात निदान सगळ्यांना माहीत असतं की घाट आहे. खरी मजा उसाच्या हंगामात. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोंबतोय, मागे लाल दिवा नाही, टेपवर गाणं फुल आवाजात. समोरून एसटी आली की संपलं. एका ट्रॉलीचा ट्रॅक्टर मुरलेला गडी मागे घेतो. दोन ट्रॉल्यांचा घेताच येत नाही, मधली दांडी मुडपते. मग एसटीच मागे जाणार, कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवणार आणि आतल्या बायका दोघांचा उद्धार करणार.

रुळावरचा

अवांतर, पण राहवत नाही. अवजड गाड्यांना कोकणच्या रस्त्यांवरून काढायचा उपाय 1999 पासून चालू आहे. कोकण रेल्वेची रो-रो. कोलाडला ट्रक सपाट वाघिणींवर चढवायचे आणि गोव्यात वेर्ण्याला उतरवायचे, पुढे सुरतकलपर्यंतही जातात. ड्रायव्हर केबिनमध्येच ताणून देतो. ऑगस्ट 2025 मध्ये गणपतीच्या तोंडावर खासगी मोटारींसाठीही ही सेवा सुरू झाली.

दहाचाकी

@रुळावरचा, रो-रो झकास, डिझेल वाचतं, टायर वाचतात. पण ती लांब पल्ल्याला. राजापूरला माल द्यायचा असेल तर कोलाड-वेर्णा काय कामाचं? यांच्या वळणावर अडकतो तो शेवटच्या वीस किलोमीटरवाला.

डेव्हनवासी

सध्या इंग्लंडमध्ये डेव्हनला आहे, एक्सेटरच्या जवळ. धागा वाचून घरी आल्यासारखं वाटलं.

इथले गावरस्ते बघाल तर राजापूर परवडलं म्हणाल. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच मातीचे बांध, त्यावर झुडपांचं दाट कुंपण. रस्ता दोन बांधांच्या मधून घळीसारखा जातो. मधोमध गवत उगवलेलं. साइडपट्टी नावाला नाही, चाक घसरायलाही जागा नाही. इथे ट्रकची रुंदी 2.55 मीटरपर्यंत असते, म्हणजे तुमच्यापेक्षा 5 सेंटीमीटर कमी, आणि तरीही ते दोन बांधांत बुचासारखे बसतात. कारण तेच, मोटारीसाठीचा नेव्हिगेटर ट्रकमध्ये लावायचा. युरोपातून आलेले ड्रायव्हर विशेष फसतात.

दोन गोष्टी इथे बघण्यासारख्या आहेत. एक म्हणजे ठरावीक अंतरावर बाजू द्यायला रुंद केलेल्या जागा. समोरून गाडी आली की जो त्या जागेच्या जवळ असेल तो मागे जातो, शक्यतो कुरकुर न करता. दुसरी गोष्ट फलक. एक निळा असतो, 'अवजड वाहनांना हा रस्ता योग्य नाही'. तो नुसता सल्ला. दुसरा लाल गोलातला, 7.5 टनांवर बंदीचा. तो कायदा. निळा फलक वाचूनही लोक आत शिरतात. तेव्हा नुसत्या सल्ल्याच्या फलकावर फार भिस्त ठेवू नका.

खवट

मागे जातो, तेही कुरकुर न करता? असले परग्रहावरचे किस्से इथे टाकू नका, पब्लिक नाउमेद होतं.

निवृत्त_अभियंता

@खवट, आपल्याकडेही नियम आहे. चढावर रस्ता पुरेसा रुंद नसेल तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. 1989 च्या नियमावलीत होता, 2017 च्या नव्या नियमावलीतही आहे.

दहाचाकी

जुने ड्रायव्हर पाळतात, कारण भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलताना क्लच जळतो. पाळत नाहीत ते वीकेंडला येणारे एसयूव्हीवाले. त्यांना रिव्हर्स गिअर कंपनीने शोभेला दिलाय असं वाटतं.

नकाशावेडी

सगळे मॅपला शिव्या देताय म्हणून लिहिते. मॅपला तुमचा रस्ता 3 मीटरचा आहे हे कळणार कसं? त्याला रेघ दिसते आणि त्या रेघेवरून मोटारी नीट जाताना दिसतात. म्हणून ट्रकलाही तो तीच वाट दाखवतो.

ओपनस्ट्रीटमॅप नावाचा खुला नकाशा आहे, त्यात कुणीही खातं उघडून दुरुस्ती करू शकतं. रस्त्याची रुंदी, उंचीची मर्यादा, अवजड गाड्यांना बंदी, सगळं नोंदवता येतं. ट्रकसाठीचे काही नेव्हिगेटर हीच माहिती वापरतात. बाकीच्या नकाशा अॅपमध्येही चूक कळवायची सोय असते. वेळ लागतो, पण होतं. बंदी मात्र खरोखरच लागू असेल तरच टाका. आपल्या दारावरून वर्दळ नको म्हणून खोटी बंदी टाकणारे महाभागही बघितलेत मी.

गडग्यापलीकडे

@नकाशावेडी, ही माहिती खरंच कामाची आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

अभियंताकाका, कमानीबद्दल तुमचं मत राहिलं. आमचा कमानवाला तट फार जोरात आहे. लोखंड कुणाच्या दुकानातून घ्यायचं तेही ठरलंय म्हणे.

निवृत्त_अभियंता

लोखंडाचं आधी ठरलं असेल तर मी कोण बोलणार. तरी सांगतो.

कमान किती उंच ठेवणार? मालवाहू गाडीला 4 मीटरपर्यंत उंचीची मुभा आहे. तिला अडवायला कमान 3 च्या आसपास आणावी लागेल, मग तुमची एसटीच अडकेल. अग्निशमनचा बंब अडकेल. काजूच्या बागेला वणवा लागला तर बंब फाट्यावर उभा राहून बघत बसणार का? बोअरवेलची गाडीही जाणार नाही. आणि चिऱ्याचा भरलेला ट्रक ठेंगणा, तो खालून सुखाने निघून जाईल. म्हणजे मोरी मोडणारा आत आणि आग विझवणारा बाहेर.

कायद्याचंही बघा. एखाद्या रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी घालायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 खाली शासनाचा किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याचा. पावसाळ्यात वरंध घाट अवजड गाड्यांना बंद होतो तो असाच, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने. ग्रामपंचायतीने ठराव करून तो रीतसर वर पाठवायचा. ठरावाच्या जोरावर परस्पर कमान ठोकली आणि रात्री कुणी दुचाकीवाला खांबाला धडकला तर सरपंचांना पळता भुई थोडी होईल.

अनुस्वार

'मोरी मोडणारा आत आणि आग विझवणारा बाहेर' +१

सुरंगी

गडग्याच्या नुकसानीचं काय झालं पण? पैसे मिळाले?

गडग्यापलीकडे

कसले पैसे. ड्रायव्हरच्या खिशात डिझेलपुरते होते. मालकाने फोनवर 'बघतो' म्हटलं. काही पोरं गाडी अडवून धरा म्हणत होती, वडीलधाऱ्यांनी सोडायला लावली.

पाटीपेन्सिल

सोडलीत ते बरंच केलंत, गाडी अडवून धरली तर प्रकरण तुमच्यावरच उलटायचं. पण सोडण्याआधी नंबर, विम्याचा कागद आणि लायसन्स यांचे फोटो काढायला हवेत. पोलिसांत कळवून पंचनामा करून घ्यायचा. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला थर्ड पार्टी विमा लागू होतो, मग ते घर असो, कुंपण असो की गडगा. रस्त्यावर रोख तोडपाणी करण्यापेक्षा हे बरं. फक्त गडगा तुमच्या हद्दीत हवा. नाहीतर नाणेघाटींचा प्रश्न विमा कंपनी विचारेल.

गडग्यापलीकडे

काल ग्रामसभा झाली. वृत्तांत देतो.

कमान बारगळली. अभियंताकाकांचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला. वणव्याचं ऐकून काजूवाले एका झटक्यात फुटले. अवजड वाहनांच्या बंदीसाठी ठराव झाला, फक्त 'चिरे वाहतूक वगळून' हे शब्द कुणीतरी घुसवायला बघत होतं. त्यावर जी काय जुंपली ती इथे लिहिण्यासारखी नाही. @लालमाती, तुमची फार आठवण झाली. शब्द शेवटी गेले नाहीत, आणि खाणवाले सभेतून उठून गेले.

वळणाचा कोपरा कापून रुंद करावा यावर मात्र सगळ्यांचं एकमत. अडचण अशी की ती जागा ज्यांच्या नावावर आहे ते सगळे मुंबईकर. सातबाऱ्यावर डझनावर नावं, त्यातले काही वारलेत आणि वारसांची नोंद नाही. एक पुतण्या गोरेगावला असतो. तो म्हणतो, आमचं काही नाही, पण बाकीच्यांना विचारा. बाकीचे म्हणतात, त्याला विचारा. मोजणीचा अर्ज केलाय. गडगा रस्त्यात निघाला तर संमतीचा प्रश्नच उरणार नाही, म्हणून आता सगळं गाव देवाकडे तेच मागतंय.

नाणेघाटी

पेढे तयार ठेवा.

दहाचाकी

बंदीचा आदेश यायचा तेव्हा येईल. फलक आत्ताच लावा, पण एक ऐका, वळणावर लावू नका. वळणावर फलक वाचून ड्रायव्हर करणार काय? गाडी तर आत आलेली असते. फाट्यावरही उशीरच होतो, कारण तोवर इंडिकेटर देऊन गाडी अर्धी वळलेली असते. फलक मुख्य रस्त्यावर हवा, फाट्याच्या शंभर-दीडशे मीटर आधी, दोन्ही दिशांना, आणि तुमच्या रस्त्याच्या दुसऱ्या तोंडालाही. मुख्य रस्ता बांधकाम खात्याचा, तेव्हा परवानगी त्यांची लागेल.

आणि त्यावर नुसतं मराठी लिहू नका. या पट्ट्यात केरळ, कर्नाटक, तामिळनाडू, राजस्थान, सगळीकडचे ड्रायव्हर येतात. ट्रकचं चित्र, त्यावर लाल काट, खाली रस्त्याची रुंदी आकड्यात. रात्री चमकणारा पत्रा वापरा. शक्य असेल तर फाट्यावरच्या टपरीवाल्याचा मोबाइल नंबर टाका, त्याला विचारून. लांबची गाडी थांबून विचारेल आणि त्याचा दोन कप चहाही जास्त खपेल.

गडग्यापलीकडे

हे पटलं. चित्राचा फलक, फाट्याच्या आधी, दोन्ही तोंडांना. टपरीवाल्याला विचारलं, तो लगेच तयार झाला. फक्त नंबराखाली 'वडापाव मिळेल' असं लिहा म्हणतोय.

खवट

लिहा की. त्याच वळणावर रात्र काढायची असेल तर ड्रायव्हरला जेवणाचं आधी कळलेलं बरं.